किस्नाने विचारलं नाही

कृष्णकांत साटमने, म्हणजे आपल्या किस्नाने, युरोप डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, पण तिथल्या कुठल्या गावात रविवारी दूध मिळत नाही हे त्याला तोंडपाठ होतं. मस्कतमध्ये कुरुमच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत, दाराजवळच्या टेबलाशी, तो सव्वीस वर्षं बसून होता. बाकीचे लोक पाच दिवसांत सात देश विकायचे. टॉवर, घड्याळं, चॉकलेट, खलास. हा पठ्ठ्या विकायचा शांतता, आणि तीसुद्धा हिवाळ्यातली. एस्टोनियातलं एक बेट, जिथे जानेवारीत फेरीबोटीवर चार गावकरी सोडले तर कुणी नसतं. पोर्तुगालच्या डोंगरातली दगडी गावं, उन्हाळ्यात गजबजलेली आणि डिसेंबरात नुसती धुराड्यांचा धूर सोडत बसलेली. स्लोव्हेनियातलं बोहिनचं तळं. शेजारच्या ब्लेडच्या तळ्यावर फोटोवाल्यांची जत्रा, आणि पाऊण तासावरच्या या तळ्याकडे थंडीत कुणी ढुंकून बघत नाही.

त्याची विकायची एक रीत होती. कुठलंही गाव गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायच्या आधी तो तिथे स्वतः फोन लावायचा आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत एकेक विचारून घ्यायचा. खोलीपर्यंत पायऱ्या किती? गरम पाणी दिवसभर, की ठरलेल्या वेळी? बर्फ पडला तर बस थांब्यापर्यंतची वाट कोण साफ करतं? डॉक्टर किती लांब? आम्ही कुकर आणला तर चालेल का? पलीकडची माणसं वैतागायची, हसायची, आणि शेवटी सांगायची. ते सगळं एका वहीत उतरायचं. ‘असेल’ आणि ‘बहुतेक’ हे दोन शब्द त्या वहीत शोधून सापडले नसते. रुस्ताकचे हसन म्हणून एक वयस्क ओमानी गृहस्थ होते. बायको गेल्यापासून दर जानेवारीत ते त्या बेटावर जायचे. त्यांची अट एकच, तिथे मला ‘कसे आहात’ असं कुणी विचारता कामा नये. किस्नाने तेही आधी फोन करून विचारून घेतलं होतं. आता बोला!

त्यामुळे आपल्या मराठी मंडळींत एक वाक्य रुळून गेलं होतं, किस्नाने सांगितलं ना, मग झालं. आणि या वाक्यावर डोळे मिटून चालणारा पहिला माणूस म्हणजे धनंजय मेस्त्री.

धनंजय रुसैलच्या एका पाइपच्या कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर होता. मूळ कणकवलीकडचा. बायको शीला, आणि एकुलती एक मुलगी उर्वी, इथेच शाळा शिकून आता पुण्यात इंजिनिअरिंगला. किस्ना देवगडचा, त्याचं बिऱ्हाड डोंबिवलीत आणि तो रुवीत एकटा, म्हणून गेली बावीस वर्षं शुक्रवारचं जेवण धनंजयकडे. शीला त्याला भाऊजी म्हणायची आणि त्याच्या वाटणीची तळलेली तुकडी बाजूला काढून ठेवायची. धनंजय गावी निघाला की विमानतळावर सोडायला किस्ना ठरलेला. आणि मजा बघा, बावीस वर्षांत धनंजयने तिथल्या विमानांच्या वेळांच्या बोर्डाकडे एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. ‘वेळेवर आहे ना रे?’ एवढंच विचारायचा, किस्ना ‘आहे’ म्हणायचा, की हा ट्रॉली ढकलत आत.

धनंजयची रजा म्हणजे गाव. एका वर्षी घराची कौलं, एका वर्षी विहिरीचा कठडा, एका वर्षी आईचा मोतीबिंदू. शीलाने कधी तोंड उघडून तक्रार केली नाही. पण तिच्या स्वयंपाकघरात एका रंगाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, त्याच्या डिसेंबरच्या पानावर बर्फातलं एक गाव, चार घरं आणि एक चर्च. वर्ष संपून नऊ वर्षं झाली तरी ते पान भिंतीवरून उतरलं नव्हतं. बाईमाणसाने याहून जास्त काय सांगायचं?

गेल्या डिसेंबरात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. रजा मिळत होती बारा दिवसांची. आणि नेमकं तेव्हाच गावाहून धाकटा भाऊ रमण म्हणाला होता, आये दिवाळीपासून जरा थकलीय, जेवण कमी झालंय. त्र्याऐंशीची म्हातारी. धनंजयचं मन मागेपुढे व्हायला लागलं. त्या शुक्रवारी जेवताना तो म्हणाला, की गावालाच जाऊन येतो, बर्फ काय, पुढल्या वर्षीही पडेल. शीलाने नुसती कढी वाढली. आणि किस्नाला ते सहन झालं नाही. तो म्हणाला, “अरे, आई काय पळून चाललीय? सत्तावीस वर्षं तिच्याकडेच जातोयस. एकदा हिला बर्फ दाखव. फेब्रुवारीत चार दिवस गावी जा, तिकीट माझ्याकडून.”

खरं तर हे सांगायचं त्याला काही कारण नव्हतं. पण प्रेमाच्या माणसाला कारण लागतं कुठे? रात्री धनंजयने आईला फोन लावला. ती बिचारी उलट खूश झाली. म्हणाली, “जा रे झिला, बरफ बघून ये. मी खंय जातंय?” झालं, ठरलं.

किस्नाने आपल्या वहीतली सगळ्यात लाडकी जागा त्यांना दिली. बोहिनच्या तळ्याच्या वरच्या अंगाला एक पंधरा-वीस घरांचं गाव आहे. तिथे एक विधवा बाई घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. इंटरनेट नाही, मोबाइलला रेंज नाही, ओसरीत एक जुना फोन तेवढा. खोलीपर्यंत पायऱ्या अकरा, गरम पाणी दिवसभर, शेगडी लाकडांवरची, कुकरला हरकत नाही. शीलाने मात्र एक अट घातली. धनंजयचा मोबाइल बरोबर न्यायचा नाही. तो दिवसभर खणखणत असायचा, पंप बिघडला, काजूवाला आला, वायरमन पैसे मागतो, दादा काय करू. दादाने आठ दिवस कुणाचा दादा व्हायचं नाही, असं ती म्हणाली. तिचा स्वतःचा फोन फक्त फोटो काढायला. म्हणून शुक्रवारी विमानतळावर धनंजयने आपला मोबाइल किस्नाच्या हातात दिला. गावचा फोन आला तर तू बघ, असं सांगितलं. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी ओसरीतल्या फोनवरून मी तुला लावीन. मग ‘वेळेवर आहे ना रे?’ झालं, ‘आहे’ झालं, आणि दोघं आत गेली. शीलाने लांबून हात हलवला. अंगात जाड कोट, आणि मस्कतच्या हवेत तिला घाम फुटलेला.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला, किस्ना टेबलाशी असताना, धनंजयचा मोबाइल वाजला. रमण होता. आवाज दबका. म्हणाला, आयेचं जास्त झालंय. ताप छातीत उतरलाय. दादाला निघायला सांगा.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर किस्नाला तुम्ही उगाच दगड म्हणाल. आखातात दहा-वीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी न शिकवता कळतं, की गावाहून मरणाची बातमी सरळ येत नाही. लांबचा माणूस, एकटा, वाटेत त्याचं काही बरंवाईट व्हायचं, म्हणून घरचे मायेनेच खोटं बोलतात. गेलेल्या माणसाला आजारी म्हणून सांगतात. जास्त झालंय, बोलावतायत, निघ. हा इकडे अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, हातापाया पडून रजा घेतो, वाटभर देवाला नवस बोलतो, आणि अंगणात चपलांचा ढीग दिसला की त्याला कळतं. किस्नाच्या कंपनीतला रामकृष्ण असाच गावी गेला होता. आणि किस्ना स्वतःही.

तेरा वर्षांपूर्वी त्याला भावाचा फोन आला होता, बाबा पडलेत, पाय मोडलाय, येऊन जा. किस्नाने रुवीतून म्हाताऱ्यासाठी चार पायांचा एक वॉकर घेतला. विमानात भांडून चढवला, एसटीच्या टपावर बांधून देवगडपर्यंत नेला. अंगणात शिरला तर बाबांना जाऊन तीन दिवस झालेले. भावाने त्याच्या हातातून तो वॉकर घेतला आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवला. किमतीची चिठ्ठी तशीच. त्या दिवसापासून किस्नाने मनाशी गाठ मारली होती, की गावाहून आजारपणाचा फोन आला म्हणजे माणूस गेलं असंच धरून चालायचं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. याने तर ताक फेकूनच दिलं.

त्यामुळे रमणचं बोलणं ऐकताना त्याने मनातल्या मनात म्हातारीला नमस्कार करून टाकला. ‘आई आहे ना रे?’ हे एवढंसं विचारायचं होतं. पण सुतकातल्या माणसाला असलं विचारून उघडं पाडत नाहीत, अशी आपली रीत. तो रमणला म्हणाला, की मी बघतो, पण बर्फ फार आहे, आमच्या भरवशावर थांबू नका, तिकडे जे करायचं ते करून घ्या. रमणला वाटलं डॉक्टरचं बोलतायत. तो ‘हो’ म्हणाला. ज्या माणसाने हसनसाहेबांसाठी परक्या देशात फोन करून काय काय विचारलं, त्याने आपल्या जिवलगाच्या भावाला एक प्रश्न विचारला नाही! काय म्हणायचं याला? कपाळ म्हणायचं.

मग तो पँट्रीत गेला, तोंड धुतलं आणि कागद घेऊन बसला. हिशोब त्याच्या हातचा मळ होता. आज संध्याकाळी धनंजय तिथून निघाला तर रात्री ल्युब्लियाना. उद्या दुपारी इस्तंबूल, तिथून मुंबई, परवा सकाळी. मग गोव्याचं विमान आणि पुढे टॅक्सी. गुरुवारी दुपारी चारला तो अंगणात. आणि गावात काही बर्फाची पेटी नाही, आज दुपारी उचलतील. म्हणजे तोंड तर दिसणार नाहीच, अग्नीही द्यायला मिळणार नाही. मग दोन दिवस विमानतळांवर रडत काढून हाती काय लागणार? त्यापेक्षा तिथे चार दिवस तरी सुखाने जाऊ देत. सत्तावीस वर्षांतले चार दिवस. परतला की आपण स्वतः सांगू, स्वतः बरोबर गावी जाऊ. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. त्याचं मन दुखत होतं, पण शांतही झालं होतं. आपण मित्राचं भलं करतोय, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

संध्याकाळी सहाला ओसरीतल्या जुन्या फोनवरून धनंजय बोलला. तिथे तीन वाजले होते. मागे शीलाचा आवाज येत होता, ती बाईला खुणेने काहीतरी विचारत होती आणि दोघी हसत होत्या. बर्फ गुडघाभर होता म्हणे. इतकं शांत, की झाडावरून बर्फ घसरून पडलेला ऐकू येतो. शीला सकाळी बाहेर उभी राहून नुसती रडली, असं तो म्हणाला.

“घरी सगळं ठीक ना रे?” त्याने विचारलं.

किस्नाने डोळे मिटले. म्हणाला, “सगळं ठीक आहे.”

“आयेचा काय फोन?”

“सकाळीच बोललो. मजेत आहे. बर्फ बघितलास का विचारत होती.”

पलीकडे धनंजयने मोठा श्वास सोडला. रात्रभर उगाच मनात काहीबाही येत होतं, म्हणाला, झोपच नाही. “पण तू सांगितलंस ना, मग झालं.” आणि फोन ठेवला.

बुधवारी रमणचा पुन्हा फोन आला. दादा कुठपर्यंत आला, आये विचारतेय. किस्नाचे डोळे भरून आले. काय वेळ येते माणसावर, गेलेल्या आईच्या नावाने बोलावं लागतं, असं त्याला वाटलं. त्यानेही मग आपल्या बाजूने खोटं जपलं. बस बंद आहेत, येईल, धीर धरा. थोड्या वेळाने उर्वीचा फोन आला. ती म्हणाली, “काका, आजी सारखी बाबाला बोलावते. ही इज कमिंग, ना?” आता उर्वी इथे वाढलेली पोर, तिचं मराठी अडखळतं, आणि खोटं बोलणं तर तिला जन्मात जमलेलं नाही. दहावीत प्रगतिपुस्तक लपवलं होतं तेव्हा संध्याकाळपर्यंत स्वतःच रडून मोकळी झाली होती. हे किस्नाच्या देखतच घडलेलं. इथे तरी डोकं चालवायचं! पण नाही. त्याने ठरवून टाकलं, की पोरगी पुण्यात आहे आणि तिलाही घरच्यांनी एवढंच सांगितलंय. तू कुठून बोलतेयस, हेसुद्धा त्याने विचारलं नाही. येतोय हो बाबा, म्हणाला, आणि घाईने फोन बंद केला, कारण त्याला हुंदका आवरत नव्हता.

गुरुवारी फोन आला नाही. सगळं उरकलं असणार, म्हणून त्याने संध्याकाळी खोलीत दिवा लावला आणि म्हातारीच्या नावाने जेवला नाही. तीन वर्षांपूर्वी तिने धनंजयबरोबर त्याच्यासाठी कुळथाचं पीठ पाठवलं होतं, चिंधीत बांधून, ते त्याला आठवत राहिलं.

शुक्रवारी सकाळी, सुट्टीचा दिवस, तो कपडे धूत होता. धनंजयचा मोबाइल वाजला. उर्वी. इतकी रडत होती, की पहिल्यांदा काही कळेना. मग म्हणाली, “काका, आजी गेली. आत्ता. दहा मिनिटं झाली.”

“आत्ता?” किस्ना म्हणाला.

हाच तो प्रश्न. मंगळवारचा. तीन दिवस उशिरा तोंडातून बाहेर पडला.

मग मात्र तो विचारत सुटला, आणि उर्वी सांगत गेली, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. ती मंगळवारी रात्रीच पुण्याहून गावी पोचली होती. आजीने हॉस्पिटलला जायला नकार दिला. माझा झील येतोय, त्याला मी घरात भेटणार, म्हणाली. तिने आपली खाट बाहेरच्या पडवीत आणायला लावली. तिथून रस्त्याचं वळण दिसतं. रिक्षा वाजली की विचारायची, ‘इलो?’ किस्नाकाका म्हणतात बर्फ आहे, पण येतोय, असं रमणकाका तिला सांगायचे, आणि ती मान डोलवायची. गुरुवारी तिला जरा हुशारी वाटली. केस विंचरून घेतले, नवं लुगडं नेसली, दिवेलागणीपर्यंत उशांना टेकून बसून होती. आज पहाटे उर्वीला विचारलं, बरफ खूप पडलो काय गो? मग बोलली नाही. “काका, बाबा निघालाच नाही का?” उर्वीने शेवटी विचारलं.

किस्ना बादलीकडे बघत राहिला. मंगळवारचा तो हिशोबाचा कागद अजून पँटच्या खिशात होता, पँट बादलीत भिजत होती. पण त्याला काही वाचायची गरज नव्हती. गुरुवार, दुपारी चार. नव्या लुगड्यात बसलेल्या म्हातारीसमोर टॅक्सी येऊन थांबली असती. एक अख्खी रात्र मिळाली असती मायलेकांना. तो ओल्या फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. आपण मारलं, असं तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

पण एक केलं. त्याने पुन्हा खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. थोड्या वेळाने रमणचा फोन आला, तो सांगत होता, की आता दादाला एवढ्यात कळवू नका, आजारी आहे म्हणून सांगा आणि बोलावून घ्या. किस्ना नाही म्हणाला. त्याने बोहिनच्या बाईला फोन लावला, तिथे नुकतंच उजाडलं होतं. धनंजय आला, ‘काय रे, आज कसा?’ म्हणाला. आणि किस्नाने सरळ सांगितलं.

“धनंजय, आई गेली. आज सकाळी.”

मग धनंजयने विचारलं, “कशाने?”

“मंगळवारपासून आजारी होती. तुला बोलावत होती. मला रमणचा फोन आला होता.”

“मंगळवारी?”

“मंगळवारी सकाळी.”

“आणि मी तुला संध्याकाळी विचारलं,” धनंजय म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. एखादी नोंद जुळवून बघावी तसा तो बोलला. किस्नाने सगळं सांगायला सुरुवात केली, मला वाटलं ती आधीच, मला वाटलं आपल्याकडे असंच. धनंजय म्हणाला, तिकिटाचं बघ. आणि फोन शीलाच्या हातात दिला.

नाताळच्या तोंडावर इस्तंबूलहून मुंबईला एक जागा मिळेना. किस्नाने दिवसभर फोन केले, आयुष्यभराच्या ओळखी वापरल्या. शेवटी जमलं ते असं, की शनिवारी सकाळी मस्कतला उतरायचं आणि तीन तासांनी मुंबईचं विमान. तिकडे रमणने शुक्रवारी दुपारीच अग्नी दिला. थोरल्याचा मान धाकट्याने घेतला, आणि घेताना तो म्हणे सारखा रस्त्याकडे बघत होता.

शनिवारी किस्ना सहापासून विमानतळावर उभा. ती दोघं बाहेर आली तेव्हा धनंजयने दाढी केलेली नव्हती आणि कोट अंगातच होता. किस्ना पुढे झाला, वाकून त्याच्या पायाला हात लावायला गेला. धनंजयने त्याला दंडाला धरून उभं केलं आणि सोडलं. मी बरोबर येतो, किस्ना म्हणाला, माझंही तिकीट काढलंय. नको, धनंजय म्हणाला. एवढंच. किस्नाने मोबाइल परत दिला. धनंजयने तो बघितलासुद्धा नाही, खिशात टाकला, आणि तोंड धुवायला गेला.

शीला ट्रॉलीशी उभी होती. वरच्या पिशवीत लोकरीचे मोजे होते, जाड, पांढरे, त्यांना किमतीचा कागद लोंबत होता. आयेसाठी घेतले होते, ती म्हणाली, त्या बाईनेच विणलेले. किस्नाला रुवीचा वॉकर आठवला. तो म्हणाला, “वहिनी, मला शिव्या द्या.”

शीलाने त्याच्याकडे बघितलं. तिच्याही डोळ्यांत राग नव्हता, दमणूक होती. म्हणाली, “भाऊजी, तुम्हाला सांगू नये, पण मला एकटीला ते पेलत नाही. मंगळवारी सकाळी यांनी बॅग भरली होती. रात्रभर झोपले नव्हते. म्हणाले, काहीतरी झालंय, आपण निघू. मी भांडले. शेवटी यांनी चार वाजताची टॅक्सी सांगितली. तीनला तुम्हाला फोन केला. तुम्ही सगळं ठीक आहे म्हणालात. मग यांनी स्वतः बॅग उघडली आणि टॅक्सी नको म्हणून कळवलं.” ती थांबली. “मला इतका आनंद झाला, भाऊजी. त्या रात्री ते कसे गाढ झोपले.”

किस्नाने ट्रॉलीचा दांडा धरला. धनंजय परत आला. चेहऱ्यावरचं पाणी तसंच होतं. त्याने ट्रॉली हातात घेतली, आणि ती तिघं वरच्या मजल्यावर गेली, जिथून आत जायचं असतं. दाराशी आल्यावर बावीस वर्षांच्या सवयीने धनंजय क्षणभर थबकला. आणि बावीस वर्षांच्याच सवयीने, कुणी न विचारता, किस्नाच्या तोंडून निघून गेलं, “वेळेवर आहे.”

धनंजयने मान हलवली. दोन पावलं पुढे गेला. मग थांबला, ट्रॉली शीलाकडे दिली आणि मागे वळून मोठ्या बोर्डासमोर जाऊन उभा राहिला. त्याने चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसला, पुन्हा घातला, आणि मान वर करून वरपासून एकेक ओळ वाचत खाली आला. मुंबईच्या ओळीवर थांबला. वेळ बघितली, गेट बघितलं, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. किस्ना तिथेच, चार हातांवर उभा होता. धनंजय त्याच्या शेजारून परत गेला, ट्रॉली घेतली आणि शीलाला म्हणाला, चल.

विमान वेळेवरच होतं.